टाकी भरण्याचा अभ्यासक्रम

पन्नाशीनंतर माणसाने कोणत्या भानगडीत पडू नये, याबद्दल त्या इमारतीत आजवर कधी एकमत झालं नव्हतं. भूगोलाच्या मास्तरांनी पदव्युत्तर पदवीसाठी नाव घातलं आणि ते एका संध्याकाळीच झालं.

पदवीचं नावच असं होतं की उच्चारताना दम लागावा. अध्यापन-रचना आणि शैक्षणिक तंत्रज्ञान. जिन्यात भेटेल तो विचारायचा, "म्हणजे नक्की काय हो, मास्तर?" मास्तर तळमजल्यावर सांगायला सुरुवात करायचे आणि मुद्द्यावर येईपर्यंत विचारणारा आपापल्या मजल्यावर, आपापल्या घरात शिरून दार लावून मोकळा झालेला असायचा. थोडक्यात सांगायचं तर शिकवणारा समोर नसतानाही शिकणाऱ्याला शिकता आलं पाहिजे, असे पाठ बांधण्याचं हे शास्त्र. मास्तरांनी हे घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही समोर नसताना मुलं जास्त शिकतात, हे मला कधीचं माहीत आहे. त्याला पदवी कशाला?" मास्तरांनी हा विनोद आहे असं समजून सोडून दिलं. तिने तो विनोद म्हणून केला नव्हता.

पण पदवीचं कारण तिलाही ठाऊक होतं. पुढच्या वर्षापासून भूगोल पडद्यावर शिकवायचा, असं शाळेने ठरवलं होतं. पाठ कोण बनवणार? ज्याच्याकडे ही पदवी असेल तो. मग बाकीच्यांनी काय करायचं? मुख्याध्यापिका बाईंनी अगदी नाजूक शब्दांत सांगितलं की बाकीच्यांनी पडदा चालू करायचा, वर्ग शांत ठेवायचा आणि तास संपला की पडदा बंद करायचा. उभा जन्म नद्या, वारे आणि पठारं यांवर बोलण्यात गेलेला माणूस. त्याने आता खटक्याशेजारी खुर्ची टाकून गप्प बसायचं? मास्तरांनी ही गोष्ट जिन्यात कुणाला सांगितली नाही. त्यांना त्याची भीती वाटत होती, साधी सरळ भीती, आणि भीती वाटली की ते जास्त बोलायचे.

अभ्यास मात्र त्यांनी मनापासून केला. पहिल्याच सत्रात त्यांना कळलं की 'समजणे' हे क्रियापद या शास्त्रात निषिद्ध आहे. समजलं की नाही हे बाहेरून दिसत नाही, मोजता येत नाही. तेव्हा शिकणारा पाठानंतर काय करू शकेल तेवढंच लिहा. हे मास्तरांच्या इतकं अंगात भिनलं की बायको एकदा वैतागून म्हणाली, "तुम्हाला काही समजतच नाही," तर त्यांनी शांतपणे उत्तर दिलं की हे विधान मोजण्याजोगं नाही. त्या दिवशी त्यांनी स्वतःचा चहा स्वतः केला, आणि ते मात्र मोजण्याजोगं होतं.

दुसऱ्या सत्रात आणखी एक प्रकरण होतं. पाठ बांधायला घेण्याआधी पाठाची गरज आहे का ते तपासा. कित्येकदा भिंतीवर एक पाटी लावली तरी काम भागतं. या प्रकरणावरच्या प्रश्नपत्रिकेत मास्तर सगळ्या तुकडीत पहिले आले. ते प्रकरण त्यांनी नंतर पुन्हा उघडलं नाही, कारण त्यात आता त्यांना काही शिकण्यासारखं उरलं नव्हतं.

आणि शेवटच्या सत्रात आला प्रकल्प. खऱ्या माणसांची खरी अडचण शोधा, तिच्यावर पाठ बांधा आणि एका माणसावर त्याची चाचणी घ्या. चाचणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रित करायची. त्यात एक अट ठळक अक्षरांत होती. चाचणी चालू असताना पाठ बांधणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत. प्रकल्प नापास झाला तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं म्हणजे खटक्याशेजारची खुर्ची आली.

खरी अडचण शोधायला लांब जावं लागलं नाही. इमारतीचा राखणदार नोकरी सोडून गेला होता आणि पाण्याचा पंप कुणी चालवायचा हा प्रश्न सोसायटीपुढे आ वासून उभा होता. सेक्रेटरींनी घरागणिक पाळ्या लावल्या. एका घराने पंप चालूच केला नाही, दुसऱ्याने बंदच केला नाही. तिसऱ्याने दोन्ही केलं, पण उलट्या क्रमाने, ते कसं जमवलं हे आजही कुणाला कळलेलं नाही. मास्तरांना हर्ष झाला. त्यांनी त्याच दिवशी पदवीच्या मार्गदर्शक बाईंना कळवलं: विषय मिळाला.

"एक पाटी लावा की," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "हिरवं बटण दाबा, वरच्या पाइपातून पाणी पडायला लागलं की लाल दाबा. झालं."

"पाटी म्हणजे शिक्षण नव्हे," मास्तर म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. तिच्या 'बरं'चा अर्थ मास्तरांना लग्नापासून माहीत होता, पण त्याचीही मोजणी करता येत नव्हती.

खरं म्हणजे पाठ छोटाच व्हायचा होता. पण इमारतीत एखादी गोष्ट छोटी ठेवायची तर ती कुणाला सांगायची नसते, आणि न सांगणं मास्तरांच्या रक्तात नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, "सुरुवातीला माझं मनोगत पाहिजे. सोसायटीचा कार्यक्रम आहे." मनोगतात त्यांनी इमारतीचा पाया खणल्यापासूनचा इतिहास सांगितला. दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी सुचवलं की विजेचा झटका बसल्यास सोसायटी जबाबदार नाही असं एक पान हवं, आणि ते वाचल्याची खूण केल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. तिसऱ्या मजल्यावर गाण्याचे क्लास घेणाऱ्या बाईंनी मागे संथ तानपुरा ठेवायला सांगितला. त्याने म्हणे चित्त एकाग्र होतं. मास्तरांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. आणि स्वतःचं तरी कुठे आवरतं घेतलं? पाण्याच्या टाकीचा पाठ आणि त्यात जलचक्र नाही, हे भूगोलाच्या माणसाला कसं सहन व्हावं? समुद्र, वाफ, ढग, पाऊस, नदी, धरण, नळ असं करत करत पाणी तळटाकीत पोचेपर्यंत एक अख्खा भाग संपला.

होता होता पाठाचे सात भाग झाले. प्रत्येक भागाच्या शेवटी प्रश्न, आणि उत्तर बरोबर आल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. सगळी पानं कुलूपबंद. शेवट गाठणाऱ्याला मोबाइलवर आपोआप प्रमाणपत्र: वेलबुट्टी, अभिनंदन, खाली सेक्रेटरींची सही. सेक्रेटरी इतके खूश झाले की त्यांनी सभेत ठराव मांडला: यापुढे प्रमाणपत्र असलेल्यालाच पंपाच्या खोलीची किल्ली मिळेल. ठरावाला अनुमोदन मास्तरांनीच दिलं.

आता यात एक बारीकशी गोष्ट होती. शास्त्र सांगतं की शिकणाऱ्याला सुरुवातीलाच काहीतरी हाताने करायला द्या, म्हणजे त्याचा उत्साह वाढतो. म्हणून हिरवं बटण दुसऱ्या भागात होतं. लाल बटण, शास्त्राप्रमाणेच, समारोपात, म्हणजे सातव्या भागात होतं. मधल्या भागांत उत्साह वाढत होता आणि टाकीही भरत होती. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण प्रत्येक भाग आपापल्या जागी उत्तम झाला होता.

चाचणीसाठी माणूस हवा होता. घरचा चालणार नव्हता. सेक्रेटरींना वेळ नव्हता, वकीलबाईंना चित्रित व्हायचं नव्हतं. तळमजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका मात्र लगेच तयार झाले. काकांनी आयुष्यभर बँकेत सह्या जुळवून पाहिल्या होत्या. औषधाच्या बाटलीबरोबर येणारी चिठ्ठी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि मगच औषध घ्यायचे, तोवर कधीकधी खोकला थांबलेला असायचा. पंपाची खोली जिन्याखाली, काकांच्या दाराला लागूनच होती.

"मास्तर, काळजी करू नका," ते म्हणाले. "तुमच्या पदवीचा प्रश्न आहे. मी एक ओळ गाळणार नाही."

यापेक्षा भयंकर आश्वासन मास्तरांना कुणी दिलं नव्हतं, पण ते त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी आणून गेलं.

रविवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. मास्तरांनी कॅमेरा तिकाटण्यावर लावला, काकांना प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं, हातात आपला मोबाइल दिला आणि स्वतः भिंतीला पाठ लावून हाताची घडी घालून उभे राहिले. गप्प. जिन्यात सेक्रेटरी, वकीलबाई आणि वरची चारदोन माणसं येऊन उभी राहिली. मास्तर गप्प उभे आहेत हे दृश्य त्यांनी याआधी पाहिलं नव्हतं.

मनोगत झालं. वकीलबाईंचं पान काकांनी दोनदा वाचलं आणि एका शब्दाबद्दल शंका काढली. वकीलबाई जिन्यातून उत्तर द्यायला निघाल्या तेव्हा सेक्रेटरींनी त्यांना गप्प केलं. दुसऱ्या भागात पडद्यावरचे मास्तर म्हणाले, "चला तर विद्यार्थी मित्रहो, हिरवे बटण दाबू या." काकांनी हिरवं बटण दाबलं. पंप घुमला. जिन्यातून टाळ्या पडल्या. मागे तानपुरा.

जलचक्र निर्विघ्न पार पडलं. काकांना ते इतकं आवडलं की त्यांनी नदीपासूनचा भाग परत पाहिला. आणि मग ते चौथ्या भागाच्या प्रश्नाशी येऊन थांबले.

प्रश्न असा होता: या पाठानंतर आपण काय करू शकाल? उत्तरं तीन. टाकी भरण्याची प्रक्रिया समजून घेऊ शकेन. प्रक्रियेचे महत्त्व जाणू शकेन. प्रक्रिया राबवू शकेन. शास्त्राप्रमाणे अर्थातच तिसरं. काकांनी विचार केला आणि पहिलं दाबलं.

"पुन्हा प्रयत्न करा," पडद्यावरचे मास्तर प्रेमाने म्हणाले.

काकांनी चष्मा पुसला. "राबवणं हे काही आपलं काम नाही," ते स्वतःशीच पण कॅमेऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाले. "ते सेक्रेटरींचं. आपण समजून घ्यावं. उगाच मोठेपणा करू नये." त्यांनी पुन्हा पहिलंच दाबलं.

"पुन्हा प्रयत्न करा."

माणूस प्रामाणिक असला की तो एकाच ठिकाणी किती वेळ अडकू शकतो, हे त्या सकाळी इमारतीने पाहिलं. चुकलं की यंत्र चौथा भाग पहिल्यापासून दाखवायचं, आणि काका तो पहिल्यापासून पाहायचे. वर गच्चीत टाकी भरली. वरच्या पाइपातून पाणी पडायला लागलं. गच्चीच्या जाळीत पाचोळा अडकला होता, त्यामुळे ते पाणी जिथे जायचं तिथे न जाता जिन्याच्या दारातून आत आलं. पाणी उंच भागाकडून सखल भागाकडे वाहतं, हे मास्तर वर्षानुवर्षं शिकवत आले होते. त्यांनी ते प्रथमच इतक्या जवळून पाहिलं. तिसरा मजला, दुसरा, पहिला. आणि सखल भाग म्हणजे काकांचं घर.

"अहो, पाणी," वकीलबाई म्हणाल्या.

"मास्तर, काहीतरी बोला," सेक्रेटरी म्हणाले, आणि एक पायरी वर चढून उभे राहिले.

मास्तरांच्या ओठांशी शब्द येऊन थबकले होते. बोललं तर वर्ष जातं. वर्ष गेलं तर खुर्ची. खटका. पडदा चालू, पडदा बंद. पाणी काकांच्या उंबऱ्याशी आलं, क्षणभर थांबलं आणि आत गेलं. मास्तरांना ते बघवेना.

"काका," ते म्हणाले, "लाल बटण दाबा."

काकांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर धक्का होता.

"मास्तर, तुम्ही बोलायचं नाही असं ठरलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "मी ऐकलं नाही असं समजा. तुम्हीही बोलला नाहीत." आणि पाय स्टुलाच्या दांडीवर घेऊन त्यांनी परत चौथा भाग लावला.

मास्तरांनी विनवलं, पण बटणाला हात लावला नाही; निदान ती अट तरी शाबूत राहावी. काकांनी कान झाकले. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून परतलेली मास्तरांची बायको, चपला हातात घेऊन, पाण्यातून वाट काढत पंपाच्या खोलीशी आली. तिने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि लाल बटण दाबलं. तिने पाठाचा एकही भाग पाहिला नव्हता.

काका उठले नाहीत. "मला पूर्ण करू दे, सूनबाई," ते म्हणाले. सगळे घरातलं पाणी उपसत असताना त्यांनी अखेर तिसरं उत्तर दाबून पाहिलं, तेही केवळ राहिलं म्हणून, आणि मग उरलेले भाग एक ओळ न गाळता संपवले. प्रमाणपत्र आलं तेव्हा त्यांची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती.

दुपारी मास्तरांच्या घरी सल्ल्यांची रीघ लागली. प्रकल्प दुसऱ्याच दिवशी पाठवायचा होता. सेक्रेटरी म्हणाले, "पाण्याचा भाग कापून टाका. सुरुवात ठेवा, टाळ्या ठेवा, प्रमाणपत्र ठेवा. कोण बघतंय?" वकीलबाईंचं मत पडलं की कापू नका, फक्त नाव बदला: आपत्कालीन सराव म्हणा. गाण्याच्या बाई म्हणाल्या की तानपुरा थोडा वाढवला तर आरडाओरडा ऐकू येणार नाही. कापाकापी मास्तरांना उत्तम येत होती. त्या विषयातही त्यांना चांगले गुण होते. सगळे गेल्यावर ते कापायला बसले.

कापायचं तर आधी नीट ऐकावं लागतं. पाणी पहिल्या मजल्यावर होतं त्या जागी, पंपाच्या घरघरीखाली, काकांचा आवाज होता. त्यांनी मान किंचित मागे वळवून दारातून घरात काकूंना सांगितलं होतं, "अगं, गाद्या वर उचलून ठेव. आणि आवाज करू नकोस. मास्तरांची परीक्षा चाललीय."

मास्तरांनी ते परत लावलं. मग पुन्हा एकदा. म्हणजे काकांना पाणी दिसत होतं, पहिल्यापासून दिसत होतं. मास्तरांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त गलबलून आलं. आयुष्यभर चाळीस-चाळीस मुलांसमोर बोलले होते ते, पण आपल्यासाठी इतकं नीट ऐकून घेणारा विद्यार्थी त्यांना मिळाल्याचं आठवेना.

"काय करताय?" बायकोने विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "आहे तसं पाठवतोय."

तिने त्यांच्यापुढे चहा ठेवला. अहवालात मास्तरांनी लिहिलं की पाठ फसला. शिकणारा उत्तम होता. कुलपं घालणाऱ्याचं चुकलं. आणि या कामाला पाठाची गरजच नव्हती, एक पाटी पुरली असती, असं घरातल्या एका व्यक्तीने आधीच सांगितलं होतं. शेवटचं वाक्य लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला.

महिन्याभराने मार्गदर्शक बाईंचा फोन आला. आधी बराच वेळ नुसता खोकल्यासारखा आवाज येत होता. मग मास्तरांच्या ध्यानात आलं की बाई हसू दाबतायत.

"पाठाला मी फारच कमी गुण दिलेत, तुम्ही मध्ये बोललात त्याचेही कापून," त्या म्हणाल्या. "त्याहून कमी देण्याची सोय नाही. अहवालाला मात्र सगळे दिलेत. तुम्ही काठावर पास आहात, सर. आणि एक विचारायचं होतं. हे चित्रण दरवर्षी नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी दाखवलं तर चालेल का?"

"कशाचा नमुना म्हणून?" मास्तरांनी विचारलं.

"ते तुम्ही नका विचारू," बाई म्हणाल्या.

पदवी आली. शाळेत पाठ बनवण्याचं काम मास्तरांकडे आलं आणि खटक्याशेजारची खुर्ची टळली. पंपाच्या खोलीत बायकोने पुठ्ठ्यावर दोन ओळींची पाटी लिहून लावली. आता खरं तर कुणीही पंप चालवू शकत होतं. पण ठराव तो ठराव. अख्ख्या इमारतीत प्रमाणपत्र एकाच माणसाकडे होतं, आणि काकांनी ते छापून, चौकटीत घालून, दिवाणखान्यात पाण्याचा डाग बरोब्बर झाकला जाईल असं टांगलं होतं. किल्ली त्यांच्या खिशात असे.

एका रविवारी मास्तरांची पाळी आली. ते खाली आले तेव्हा काका पंपाच्या दारात उभे होते.

"प्रमाणपत्र?" काकांनी विचारलं.

"काका, तो पाठ मी बांधलाय."

"ते आहेच. त्याबद्दल मला आदर आहे. पण केलाय का तुम्ही?"

मास्तरांनी जिन्याकडे पाहिलं. वर सेक्रेटरी उभे होते. त्यांनी ठराव आपल्या हातात नसल्यासारखे हात वर केले. मास्तर निमूटपणे स्टुलावर बसले. मोबाइल उघडला. मनोगत ऐकलं, वकीलबाईंचं पान वाचलं. काकांनी किल्लीने खोली उघडून त्यांना हिरवं बटण दाबू दिलं. मग स्वतःच्या आवाजातलं जलचक्र मास्तरांनी समुद्रापासून नळापर्यंत ऐकलं आणि ते किती लांब आहे हे त्यांना प्रथमच कळलं.

चौथा प्रश्न आला. या पाठानंतर आपण काय करू शकाल? उत्तर तर त्यांनीच ठरवलं होतं. बोट तिसऱ्या उत्तरावर गेलं आणि थांबलं. राबवू शकेन असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? किल्ली काकांकडे, लाल बटण बायकोला ठाऊक. त्यांनी खूप विचार करून, अगदी मनापासून, पहिलं दाबलं.

"पुन्हा प्रयत्न करा," पडद्यावरचे मास्तर म्हणाले.

मास्तरांनी काकांकडे पाहिलं. वर गच्चीत पाइपातून पाणी पडायला लागल्याचा आवाज आला.

"घाई करू नका, मास्तर," काका म्हणाले. "मी काही बोलणार नाही." आणि एका हाताचं बोट ओठांवर ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने हळूच लाल बटण दाबलं.